दाराशी येऊन कोणी कागद मागितले तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरच्या कोणी विदुषी येतात, चार चांगल्या गोष्टी सांगतात, आपण टाळ्या वाजवतो आणि मग बटाटेवड्यांकडे वळतो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की मंडळातल्याच एका बाईने बोलायचे, आणि ती माळ माझ्या गळ्यात पडली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. कायद्यावर बोलणार म्हटल्यावर घरात हशा झाला. आमच्या ह्यांनी तर सुचवले की चकली मोडते का, यावर बोल, म्हणजे निदान लोकांचा फायदा होईल. चकलीवर पुढच्या वर्षी बोलेन. यंदा हेच बोलायचे आहे, कारण गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या वाड्यातल्या बायका रात्री दाराची कडी वाजली की दचकतात.

आपल्या रविवार पेठेत, बुधवारात सोन्याचे काम करणारे बंगाली कारागीर किती वर्षांपासून आहेत ते मी सांगायला नको. तुमच्या-माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या त्यांनीच घडवल्या आहेत. बहुतेक सगळे पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातले, घाटाल, दासपूर त्या बाजूचे, काही हुगळीचे. आमच्या वाड्यात माडीवर दोन बिऱ्हाडे आहेत. मासळीच्या वासावरून पहिली दोन वर्षे धुसफूस झाली, हे खरे. आता त्यांच्याकडचा मोहरीचा वाटलेला मासा आमचे चिरंजीव वर जाऊन जेवून येतात, हेही खरे. त्यातली एक सून आपल्या मंडळाची सभासद आहे. ती आज पुढे बसली आहे. तिचे नाव मी घेणार नाही, तिला संकोच होईल.

२०२५ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी साध्या कपड्यांतली दोन माणसे वर गेली. बांगलादेशींची तपासणी चालू आहे म्हणाली. तिच्या यजमानांचे आधारकार्ड पाहिले, मोबाईल काढून घेतला आणि ‘चौकशीला चल’ म्हणून घेऊन गेली. कुठे, कशासाठी, किती वेळ, काही नाही. रात्री नऊला तिला फोन आला की सगळे कागद घेऊन तू ये. पोरगी तीन वर्षांची, बाहेर पाऊस, मराठी येते पण घाबरली की बंगालीच बोलते. ती खाली माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ताई, मैं जाऊँ क्या?” मी म्हटले, “तू बस. पोरीला जेवायला घाल.” आणि आमच्या ह्यांना घेऊन मी गेले.

कोणी मारले नाही, शिवी दिली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण बाकावर बसवून ठेवला तो ठेवला. ‘वरून आदेश आहे’ एवढेच उत्तर. रात्र गेली. सकाळी मोफत कायदेमदतीच्या वकीलबाई आल्या. वयाने आपल्या मुलींएवढ्या. त्यांनी आवाज चढवला नाही. दोनच प्रश्न विचारले: “यांना अटक केली आहे का? केली असेल तर कारणाचा कागद द्या. नसेल तर यांना जाऊ द्या, आणि पुन्हा बोलवायचे तर लेखी नोटीस द्या.” दुपारी माणूस घरी आला. आधारकार्ड परत मिळायला आठ दिवस लागले.

त्या दोन प्रश्नांनी मला वेड लावले. एवढे सोपे होते तर ते आम्हांला शाळेत का शिकवले नाही? पानिपतचे साल शिकवले. तेव्हापासून मी वही केली. शिवाजीनगरच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्यांच्या शिबिरांना गेले, वकीलबाईंना विचारून विचारून भंडावले. त्या वहीतले आज सांगते.

पहिली गोष्ट. आपल्या राज्यघटनेत काही हक्क ‘नागरिकांना’ दिले आहेत आणि काही ‘व्यक्तीला’. हा शब्दाचा फरक घटना करणाऱ्यांनी जाणून ठेवला आहे. बोलण्याचे, देशभर फिरण्याचे, कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य, म्हणजे १९ वे कलम, हे नागरिकांना. पण कायद्यापुढे समानता हे १४ वे, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग न पाडणे हे २० वे, जीवित आणि स्वातंत्र्य हे २१ वे, आणि अटकेच्या वेळचे २२ वे, ही सगळी व्यक्तीला. म्हणजे जो माणूस आपल्या भूमीवर उभा आहे त्याला, मग तो मेदिनीपूरचा असो, नेपाळचा असो, नाही तर खरोखरच चोरून आलेला असो. चोरून आलेल्याला परत पाठवण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पाठवायचे तेही कायद्याने. आणि तो चोरून आला की नाही हे ठरवायचे कुणी? वेशावरून, बोलीवरून, दाढीवरून ते ठरत नाही.

२२ वे कलम म्हणते, अटक केली तर कारण लवकरात लवकर सांगा, पसंतीच्या वकिलाला भेटू द्या, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. यालाही अपवाद आहेत, शत्रुराष्ट्राचा माणूस आणि प्रतिबंधक कायद्याखाली धरलेला माणूस. पण तुमच्या-आमच्या दारात घडते ते त्यातले नसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले की अटकेची कारणे लेखी द्यायची, आणि ती त्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यायची. ताबडतोब शक्य नसेल तर तोंडी सांगून, मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी तरी कागद हातात द्यायचा. ‘कळेल अशा भाषेत’ हे शब्द मी वहीत लाल शाईने लिहिले आहेत. आपल्या माडीवरच्या मंडळींना मराठी कागद दिला तर त्यांना काय कळणार?

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यात लिहिले आहे की अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची स्पष्ट पट्टी हवी. अटकेचा कागद जागेवर करायचा, त्यावर घरच्या किंवा आळीतल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची. आणि आपल्या माणसाला कळवण्याचा हक्क त्याला सांगायचा. हे नियम आकाशातून पडले नाहीत. कोठडीत माणसे मरत होती म्हणून पश्चिम बंगालमधल्याच एका गृहस्थांनी, डी. के. बसू यांनी, सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर डिसेंबर १९९६ मध्ये निकाल झाला. एका पत्रावर! आपण मंडळातर्फे नळाच्या पाण्यासाठी पत्रे लिहितो ती वाया जातात असे म्हणणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या बायकांचे. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवाद म्हणून करायची झालीच, तर स्त्री अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. आणि साक्षीसाठी, माहितीसाठी बाईला चौकीवर बोलावताच येत नाही. तिच्या राहत्या घरी येऊन विचारावे लागते. साठीच्या वरच्या माणसालाही हेच लागू आहे. त्यामुळे रात्री नऊला ‘कागद घेऊन ये’ असा फोन आला तर “साहेब, सकाळी घरी या, चहा घेऊ आणि कागदही दाखवू,” असे म्हणायला कायद्याची आडकाठी नाही. गोड बोलावे. आपले पोलीसही दिवसरात्र पावसात उभे असतात, त्यांच्याही घरी पोरेबाळे आहेत. पण गोड बोलणे वेगळे आणि मुकाट्याने जाणे वेगळे.

खोटा कागद मात्र कधी दाखवू नये, कोणाला करून देऊ नये, कोणी ‘पाचशेत करून देतो’ म्हणाला तर त्याला दारातून हाकलावे. १९४६ चा परकीयांचा कायदा गेला. सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला आहे. बनावट पासपोर्टाला किंवा व्हिसाला दोन ते सात वर्षे शिक्षा आणि एक ते दहा लाख दंड. आणि जुन्या कायद्यासारखेच या नव्या कायद्यातही एक अवघड कलम आहे: मी परकी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच. चोरीच्या आळात सरकारने सिद्ध करायचे, इथे आपण. तेवढ्यासाठी जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा आसामातल्या खटल्यातला निकाल माहीत असावा. त्यात म्हटले आहे की काही तरी आधार हातात असल्याशिवाय कोणालाही उगाच पकडून ‘नागरिकत्व सिद्ध कर’ असे म्हणता येत नाही. आणि कागदोकागदी नावाच्या स्पेलिंगात किंवा तारखेत किरकोळ फरक पडला एवढ्याने माणूस परकी ठरत नाही.

हे सगळे कागदावर ठीक, तुम्ही म्हणाल. प्रत्यक्षात काय होते? जून २०२५ मध्ये मिरा रोडला काम करणारा मुर्शिदाबादचा एक गवंडी असाच उचलला गेला. घरच्यांनी, ग्रामपंचायतीने कागद पाठवले होते. तरी त्याला सीमेवर नेऊन पलीकडे ढकलले. मग तिकडच्या सरकारने धावपळ केली आणि त्याला परत आणले. त्याच सुमारास महाराष्ट्रात काम करणारे बंगालचे आणखीही काही मजूर असेच पलीकडे गेले आणि परत आले. हे नवेही नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबईतून जरीकाम करणाऱ्या बंगाली लोकांना बांगलादेशी म्हणून आगगाडीने नेत होते, तेव्हा हावड्याच्या अलीकडे उलुबेरिया स्टेशनावर जमावाने गाडी अडवून त्यांना उतरवून घेतले. सत्तावीस वर्षांत कायदे बदलले, गाडीच्या जागी विमान आले. मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याची पायरी गाळली गेली तर असे होऊ शकते. म्हणूनच ते ‘२४ तास’ घड्याळाकडे पाहून मोजायचे असतात. माणूस नेला की वेळ लिहून ठेवा, कोणत्या ठाण्याचे ते विचारा, गाडीचा नंबर टिपा, आणि १५१०० या क्रमांकावर कायदेमदतीला फोन करा. बाईला आणि कोठडीतल्या माणसाला मिळकत न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ चा कायदा तसे सांगतो. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसण्याचे कारणच नाही.

आता कागदांकडे वळते, आणि इथे मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण ही गोष्ट बंगाली बायकांची नाही, आपली आहे.

आधारकार्ड दाखवले की झाले, असे आपल्याला वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र एवढ्यावरून कोणी नागरिक ठरत नाही. मग ठरते कशावरून? १९५५ च्या नागरिकत्व कायद्यावरून. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्याला जन्म पुरेसा आहे. माझ्यासारख्या चाळिशीच्या पुढच्या बहुतेक बायका त्यात आल्या. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मलेल्याचे आई किंवा वडील नागरिक हवेत. आणि त्यानंतर जन्मलेल्याचे दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नाही, असे हवे. म्हणजे आज कॉलेजात जाणाऱ्या आपल्या पोरांच्या नागरिकत्वाला आईचे कागद लागतात. बापाचे असतात. आईचे कुठे असतात?

मी माझेच पाहिले. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. लग्नात ह्यांच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले, ते रेशनकार्डावर. आधारवर त्याच नावाचे तिसरेच स्पेलिंग. जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या मुलांची १ जूनच लिहिली. ही दाखल्यावरची, ती रेशनकार्डावरची, दोन्ही मीच, हे सांगणारा कागद घरात एकही नव्हता. लग्नाची नोंदणी केलेली नव्हती, हॉलची पावती मात्र सासूबाईंनी जपून ठेवली होती!

आसामात २०१९ च्या ऑगस्टअखेर नागरिकांची यादी लागली, तीत १९ लाखांहून जास्त माणसे राहिली. तिथे बायकांची मोठी अडचण हीच झाली. लहानपणी लग्न, शाळा नाही, जन्मदाखला नाही; मी अमक्याची मुलगी हे दाखवायला गावच्या पंचायतीचा दाखला एवढाच. तो चालेल की नाही यावर भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये पडताळणी करून तो धरावा असे ठरले. आणि आपल्या देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली, उत्तरेकडच्या सुमारे २८ लाख बायकांची नावे मतदारयादीतून गाळली गेली. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, नाव सांगा तर यादीत घेतो. मला पेठेत सगळे माझ्या मुलाची आई म्हणूनच ओळखतात, त्यामुळे हे ऐकून मला हसूही आले आणि भीतीही वाटली.

तेव्हा मी वकीलबाईंच्या सांगण्यावरून लग्नाची नोंदणी करून घेतली, नाव बदलल्याची शासनाच्या राजपत्रात जाहिरात दिली, शाळेतून दाखल्याची दुसरी प्रत आणली. ह्यांना चार फेऱ्या पडल्या, त्यांनी कुरकुर केली, पण घातल्या. नातवंडे असतील त्यांनी हेही लक्षात घ्यावे की १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेसाठी आणि जन्मस्थळासाठी जन्मदाखलाच लागणार आहे. तो महापालिकेत वेळेवर घ्यावा, नावाची नोंद लगेच करावी, ‘बाळ’ म्हणून ठेवू नये.

माडीवरच्या वहिनीच्या यजमानांच्या उपयोगी पडला तो त्यांच्या आजोबांच्या शेताचा पर्चा. पर्चा म्हणजे आपला सातबारा. गावाहून दिराने फोनवर त्याचे चित्र पाठवले. कागद भिजून पिवळा झालेला, पण नाव स्वच्छ.

थोडे अमेरिकेविषयी बोलते, कारण आपल्यातल्या दोघी-तिघींची मुले तिकडे आहेत आणि काळजी सगळ्यांनाच आहे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचे लष्करी विमान १०४ जणांना घेऊन अमृतसरला उतरले. हातात बेड्या, पायांत साखळ्या. त्यात तिघे आपल्या महाराष्ट्रातले होते. तुमची मुले रीतसर व्हिसावर गेली आहेत, त्यांना ते भोगावे लागणार नाही अशी आशा आहे. तरी त्यांना सांगून ठेवा. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने तिथे नोंदणीचे कागद नेहमी जवळ बाळगायचे, असा तिथला कायदा आहे. विचारपूस झाली तर गप्प राहण्याचा हक्क आहे, पण खोटे बोलण्याचा नाही. समजल्याशिवाय कशावरही सही करू नये. घरात शिरायला न्यायाधीशाच्या सहीचा कागद लागतो, खात्याच्या अधिकाऱ्याच्या सहीचा पुरत नाही, असे तिथले वकील सांगत आले आहेत. तेव्हा दार न उघडता कागद दाखवायला सांगावा. इमिग्रेशनच्या कोर्टात आपल्यासारखा सरकारी खर्चाचा वकील तिथे मिळत नाही, म्हणून वकिलाचा नंबर आधीच पाठ असावा, कारण फोन काढून घेतात. आणि धरले तर आपल्या वकिलातीला कळवा असे म्हणता येते. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमात ते आहे. न्यूजर्सीत असाल तर न्यूयॉर्कची वकिलात.

गंमत पाहा, मुलाला तिकडे हे सगळे हक्क असावेत असे ज्या भगिनीला मनापासून वाटते, तीच परवा मला जिन्यात म्हणाली की वरच्या बिऱ्हाडाची कटकट कशाला, खोली रिकामी करून घ्या. मी त्यांना काही बोलले नाही. आज बोलले. त्या रागावणार नाहीत, माझ्या जुन्या मैत्रीण आहेत.

खोली भाड्याने देणाऱ्यांनी मात्र भाडेकरूची माहिती पोलिसांत नोंदवावी आणि पोच जपून ठेवावी. त्या रात्री आमच्या मालकांची पोच फार कामी आली. परदेशी पासपोर्टावरचा पाहुणा घरी उतरला तर तेही २४ तासांत कळवायचे असते, मग तो तुमचा सख्खा भाचा का असेना.

माझे बोलणे लांबले, मघापासून अध्यक्षबाई घड्याळ पाहत आहेत. वकीलबाई पुढच्या गुरुवारी दुपारी तीनला मंडळात येणार आहेत. येताना प्रत्येकीने आपले कागद पिशवीत घालून आणावेत: शाळेचा दाखला, रेशनकार्ड, लग्नाची पत्रिका असली तर ती, आई-वडिलांच्या नावाचा कसलाही जुना उतारा. कोणते नाव कुठे जुळत नाही ते बसून पाहू. राजपत्राच्या अर्जाचे कोरे नमुने मी दारापाशी टेबलावर ठेवले आहेत, जाताना घ्या. बंगालीतून समजावून सांगायला माडीवरच्या वहिनी माझ्या शेजारी बसणार आहेत, आणि त्या दिवशीचे संदेशही त्यांच्याकडून आहेत.